काट्याला चाक दिसत नाही

टायरवाल्याच्या दुकानात आपली गाडी जॅकवर चढली की आपण जरा भाबडे होतो. चारही टायर गुळगुळीत झालेले असतात, खर्च अटळ असतो आणि समोरच्या भिंतीवर चकचकीत अलॉय टांगलेली असतात. गेल्या पावसाळ्याआधी माझंही तेच झालं. माझ्या स्विफ्टला कंपनीची १४ इंची चाकं. दुकानदार म्हणाला, "साहेब, बदलताच आहात तर पंधराची अलॉय घ्या, वर जरा रुंद टायर टाकू. गाडी कशी भरून दिसेल!" मी विचारलं, "स्पीडोमीटरचं काय?" "काही फरक पडत नाही," तो म्हणाला. शेजारच्या स्टुलावर पेपर वाचत बसलेल्या काकांनी डोकं वर काढलं. "पडतो तर! चाक मोठं झालं की काटा जास्त दाखवायला लागतो."

दोघंही ठामपणे बोलले आणि दोघंही चुकले. मी खिशातलं जुनं बिल उलटं केलं आणि त्यावर हिशोब मांडायला घेतला. पुढे लिहिलंय ते त्या बिलावरचंच, फक्त जरा सविस्तर.

आधी एक गोष्ट पक्की करू. गाडी रस्त्यावरून किती वेगाने चाललीय हे स्पीडोमीटरला ठाऊक नसतं. त्याला रस्ता दिसत नाही आणि चाकही दिसत नाही. चाक किती वेळा फिरलं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हा आकडा कारखान्यात एकदाच त्याच्या कानात सांगितलेला असतो. फेरे गुणिले तो आकडा, हा त्याचा सगळा हिशोब.

कल्पना करा, एक माणूस डोळे मिटून बागेत बसलाय आणि समोरून चालणाऱ्याच्या पावलांचे आवाज मोजतोय. त्याला सांगून ठेवलंय, एक पाऊल म्हणजे ७० सेंटिमीटर. आजोबा चालतात तोवर हिशोब बरोबर येतो. आजोबा बसले आणि नातू चालायला लागला की त्याच अंतरात दुप्पट पावलं पडतात. मोजणारा म्हणतो, बापरे, दुप्पट अंतर कापलं! नातू छोटा, पण नोंद मोठी. उलट आजोबांहून उंच, ढांगा टाकणारा कोणी आला तर पावलं कमी पडतात आणि नोंद खऱ्यापेक्षा कमी होते.

चाकाचंही तसंच. चाक मोठं असेल तर एका किलोमीटरला फेरे कमी लागतात, म्हणून काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. चाक लहान असेल तर फेरे वाढतात आणि काटा जास्त दाखवतो. काकांनी नेमकं उलटं धरलं होतं. यात त्यांचा फारसा दोष नाही, "मोठं चाक म्हणजे मोठा आकडा" असं मनाला सहज वाटतंच.

हा आंधळेपणा नवा नाही. जर्मन संशोधक ओटो शुल्झ याने १९०२ साली ज्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं, त्याच जातीचे काटे पुढे सात-आठ दशकं जगभरच्या गाड्यांत बसत राहिले. आपल्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीतही तेच. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल निघून डॅशबोर्डमागे जाते. केबलच्या टोकाला लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते, चुंबकाला कुठेही न टेकलेली. आता ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण चुंबक फिरायला लागला की वाटीत विजेचे भोवरे उठतात, त्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. तिला एक केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचून धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, तितकी वाटी जास्त वळणार. वाटीला काटा जोडलेला, झालं. स्पर्श न करता वेग मोजणारं हे यंत्र मला अजूनही थक्क करतं. ज्यांनी जुन्या स्कूटरचा थरथरणारा काटा पाहिलाय, त्यांनी हीच वाटी नाचताना पाहिली आहे.

आजच्या गाडीत केबल नाही. चाकाच्या हबजवळ किंवा गिअरबॉक्सपाशी सेन्सर असतो. शेजारून दातेरी किंवा चुंबकीय कडं फिरतं, प्रत्येक दात गेला की विजेचा एक टिचका पडतो आणि संगणक ते टिचके मोजतो. एबीएसचे सेन्सर याच कामाचे. यंत्र पालटलं, अचूकता वाढली, पण फेऱ्यामागचं अंतर अजूनही ऐकीव आहे.

मग तो आकडा येतो कुठून? टायरच्या कुशीवर लिहिलेल्या अक्षरांतून. माझ्या जुन्या टायरवर लिहिलं होतं १६५/८० आर १४. पहिला आकडा टायरची रुंदी, १६५ मिलिमीटर. दुसरा टक्केवारी: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. शेवटचे १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, असा तीन मापांचा संसार कुठल्या शहाण्याने मांडला असं वाटतं खरं. मिशेलिन कंपनीने १९७५ च्या सुमारास मिलिमीटरमधल्या रिमचे टायर काढूनही पाहिले. ते साध्या रिमवर बसत नसत आणि लोकांनी ते स्वीकारले नाहीत, इंच टिकले. त्यामुळे आपल्याला २५.४ ने गुणणं चुकत नाही.

गुणू या. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ही भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून दोनदा: २६४. रिम १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. हा पूर्ण चाकाचा व्यास, आणि सगळी गोष्ट या आकड्याभोवती फिरते.

याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की ६२१.५. म्हणजे रिम एका इंचाने वाढलं, टायर २० मिलिमीटरने रुंद झाला, तरी चाकाचा व्यास जेमतेम २ मिलिमीटरने वाढला. फरक ०.३ टक्के. काट्याला याचा पत्ताही लागत नाही. कंपनीच्या अभियंत्यांनी रिम वाढवताना भिंत तेवढीच छाटली, ही यातली मेख. चाक मोठं करायचं म्हणजे रिम मोठं आणि टायर बुटका, बाहेरचा घेर तोच.

दुकानदार मात्र मला १९५/६५ आर १५ दाखवत होता. १९५ चे ६५ टक्के १२६.७५, दुप्पट २५३.५, अधिक ३८१, एकूण ६३४.५. माझ्या मूळ चाकापेक्षा २.४ टक्के जास्त. त्याच्या शेजारी २०५/६५ आर १५ होता, त्याचा व्यास ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के जास्त. "फक्त दहा-वीस मिलिमीटर रुंद" असं ऐकताना वाटतं, पण दुसरा आकडा टक्केवारी असल्याने रुंदी वाढली की उंचीही गुपचूप वाढते. लोक फसतात ते इथेच. रुंदी वाढवायची असेल तर टक्केवारी उतरवावी लागते. १९५ घ्यायचा तर भिंत ६५ ऐवजी ६० टक्क्यांची: १९५/६० आर १५ चा व्यास ६१५, पाऊण टक्क्याने कमी, चालून जाण्यासारखा.

टायरच्या धंद्यात सहसा मूळ व्यासाच्या ३ टक्क्यांच्या आत राहावं असं मानतात. काही जण त्याहून कडक असतात. मी दीड-दोनच्या पलीकडे जाणार नाही.

आता काटा नेमकं किती खोटं बोलेल? इथे एक गंमत आहे. नवीन गाडीचा काटाही खरं बोलत नाही, आणि ते मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीत स्पीडोमीटरचा नियम असा: दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, जास्त असेल तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर एवढाच. म्हणजे गाडी खरोखर १०० ने चालली असेल तर काटा १०० ते ११४ यांच्यामध्ये कुठेही चालेल, ९९ मात्र चालणार नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाने स्पीडोमीटर सक्तीचा आहे. अशी एकतर्फी सूट मिळाल्यावर कोणताही उत्पादक काटा थोडा वर ठेवूनच देणार. हवा कमी-जास्त असते, टायर झिजतात, वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर कागदावर एकाच मापाचे असूनही मिलिमीटरभर इकडेतिकडे असतात. या सगळ्यात काटा चुकून खाली जाऊ नये म्हणून आधीच हात राखलेला असतो. माझ्या गाडीत काट्यावर १०० असताना खरा वेग ९५ च्या आसपास असतो.

हा राखलेला हात म्हणजे आपली गंगाजळी. मोठा टायर टाकला की ती खर्च व्हायला लागते. ९५ वर २.४ टक्के चढवले की ९७.३ होतात. साडेचार टक्के चढवले की ९९.३. म्हणजे २०५ चा टायर टाकला तर काटा एकाएकी जवळजवळ खरं बोलायला लागतो! ऐकायला बरं वाटतं, पण गंगाजळी संपली. पुढचा घास कर्जाचा.

तो घास थार किंवा तत्सम गाड्यांवर उंच टायर चढवणारे घेतात. थारचे कंपनीतून येणारे दोन टायर पाहा: २४५/७५ आर १६ चा व्यास ७७३.९ आणि २५५/६५ आर १८ चा ७८८.७ मिलिमीटर. हौशी माणूस '३३ चे' टायर टाकतो, म्हणजे बाहेरचा व्यास ३३ इंच, ८३८ मिलिमीटर. १८ इंची मूळ चाकाच्या तुलनेत ही वाढ सव्वासहा टक्के. काट्यावर १०० आणि मूळ खरा वेग ९५ धरला तर आता खरा वेग १०१. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० आहे आणि वर कॅमेरे आहेत. काटा बरोबर १०० वर ठेवून अगदी निष्पापपणे चाललेल्या माणसाचं पुढे जे व्हायचं ते होतं. कॅमेरा टायरची भिंत मोजत नाही, गाडीचा वेग मोजतो.

उलट दिशेचं उदाहरण तर रोज घडतं, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने १.६ मिलिमीटरवर टायर बाद, खाचांमध्ये तेवढ्याच उंचीच्या छोट्या गाठी त्यासाठीच ठेवलेल्या असतात. म्हणजे आयुष्यभरात टायर वरून-खालून मिळून पावणेतेरा मिलिमीटरने बारीक होतो, माझ्या चाकाच्या दोन टक्के. गुळगुळीत टायरची गाडी काट्यावर वेगवान होत जाते. नवे टायर टाकल्यावर "गाडी काट्यावर जरा मंद वाटतेय" असं कोणी म्हणालं तर त्याला हसू नका, त्याला खरंच तसं दिसत असतं.

रिक्षाचं भाड्याचं मीटरही याच जातीचं. तेही फेरेच मोजतं. झिजलेल्या टायरची रिक्षा प्रवाशाला कणभर महाग पडते, रिक्षावाल्याच्या मनात काही नसतानाही.

किलोमीटरच्या नोंदीकडे वळू. एकूण किलोमीटर दाखवणारा ओडोमीटर सहसा काट्यापेक्षा प्रामाणिक असतो, कारण त्याला वर राखून ठेवायची गरज नसते. त्यामुळे चाकाचा फरक त्याच्यात सरळ उतरतो. २.४ टक्के मोठं चाक घातलं तर नोंद १०,००० झाली तेव्हा गाडी १०,२४० चाललेली असते. ऑइल बदलायला तेवढा उशीर होतो, हे एक. दुसरं जास्त मजेशीर आहे. मोठे टायर टाकल्यावर लोक तक्रार करतात की ॲव्हरेज पडलं. खरोखर लिटरला २० देणारी गाडी या नोंदीवर १९.५ देताना दिसते. पेट्रोल तेवढंच जळलं, किलोमीटर मात्र कमी लिहिले गेले. म्हणजे पडझडीतला काही भाग निव्वळ कागदावरचा. पण सगळा नाही. रुंद आणि जड टायर खरंच जास्त पेट्रोल खातो. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय टायरला शिव्या देऊ नयेत.

दुचाकीवाल्यांसाठी एक वाक्य. स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर मागचा टायर कितीही जाडा टाका, काटा हलणार नाही. बदलेल ते पिकअप.

पिकअपचं कारणही तेच. इंजिनाला मोठ्या चाकात प्रत्येक गिअर थोडा उंचावल्यासारखा वाटतो. सपाट रस्त्यावर इंजिन जरा शांत फिरतं, बरं वाटतं. पण आंबोलीच्या किंवा वरंध घाटात, मागे चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना, जिथे गाडी आधी तिसऱ्यात कुरकुरत चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो. ब्रेकलाही मोठ्या चाकाला थांबवायला त्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो. दोन-तीन टक्क्यांत हे जाणवत नाही. सहा-आठ टक्क्यांत जाणवतं.

इथपर्यंत सगळं गणित होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दुकानात माझी काळजी चुकीच्या जागी होती. काट्याचं खोटं मोबाइल पाहून पकडता येतं. चाक बदलल्याने गाडीच्या चालीत जो फरक पडतो तो कंबरेला कळतो, आणि तो कळेपर्यंत पैसे दिलेले असतात.

गाडी कशावर उभी असते? रबरावर नाही, हवेवर. रबर ही हवेची पिशवी. समजा एका चाकावर ३०० किलो वजन आहे आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. हे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. ३०० ला २.२५ ने भागा: साधारण १३३ चौरस सेंटिमीटर. टायर जमिनीला टेकतो तो डाग एवढाच, पोस्टकार्डाएवढा. चार पोस्टकार्डांवर अख्खं कुटुंब कोकणात जातं.

आता रुंद टायर टाकला तर हा डाग मोठा होतो का? हवा तेवढीच आणि वजन तेवढंच असेल तर फारसा नाही. भागाकार तोच राहतो. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा डाग लांबट, रुंद टायरचा आडवा आणि आखूड, पोस्टकार्ड आडवं धरल्यासारखा. "रुंद टायर म्हणजे जास्त रबर जमिनीला" हे दुकानातलं आवडतं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोरड्या रस्त्यावर, वळणावर, आडवा डाग खरंच छान पकडतो, गाडी स्टिअरिंगचं चटकन ऐकते. पण जुलैत महामार्गावर पाणी साचलेलं असताना टायरला समोरचं पाणी बाजूला सारून रस्ता गाठायचा असतो. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं आणि डाग आखूड असल्याने वेळ कमी मिळतो. त्यामुळे तो पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. गुळगुळीत झालेला रुंद टायर आणि कोकणातला पाऊस ही जोडी मला नको.

टायरची भिंत ही गाडीची पहिली स्प्रिंग. खड्ड्याचा धक्का शॉकॉपपर्यंत पोचण्याआधी टायर तो थोडा गिळतो. माझ्या १४ इंची चाकाला १३२ मिलिमीटर भिंत होती. १५ इंचीला १२०. याच गाडीला हौसेने १७ इंची रिम आणि २०५/४५ आर १७ टायर बसवले तर व्यास ६१६.३ येतो, काट्याच्या दृष्टीने अगदी निर्दोष, अर्धा टक्काच फरक. भिंत मात्र उरते ९२ मिलिमीटर. स्पीडोमीटरचा हिशोब इथे पूर्ण पास आणि कंबर पूर्ण नापास. नुसता व्यास जुळवून "सगळं ओके" म्हणणाऱ्या माणसाला हे उदाहरण दाखवावं.

बुटक्या भिंतीची दुसरी भीती म्हणजे फुगा. रेडियल टायरच्या भिंतीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धाग्यांची जाळी असते, हवेचा दाब तीच पेलते. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळलं की भिंत रिमची कड आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते. उंच भिंतीला दबायला जागा असते. बुटकीला नसते, धागे तुटतात. बाहेरून रबर शाबूत दिसतं, पण आतला आधार गेल्याने हवा तिथून रबराला बाहेर ढकलते आणि बेडकाच्या गळ्यासारखा फुगा येतो. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. टायर बदलायचा. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने तासन्‌तास तापलेल्या काँक्रीटवरून जाताना असा टायर गाडीखाली असू नये.

वजनाचंही बघा. अलॉय म्हणजे हलकं, हा समज सरसकट खरा नाही. स्वस्तातलं, मोठ्या मापाचं ओतीव अलॉय कंपनीच्या लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकतं, वर टायरही जास्त वजनाचा. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून ते वेगळं बोचतं. भातलावणीला गमबूट घालून चिखलात चालून पाहा. पाठीवर दोन किलो आणि पायात दोन किलो यांतला फरक संध्याकाळी मांड्या सांगतात. चाक जड झालं की खड्ड्यातून वर आलेलं चाक परत खाली जायला उशीर करतं, शॉकॉपला जास्त राबावं लागतं आणि गाडी खडबडीत रस्त्यावर आपटत चालते. शिवाय ते वजन कडेला असेल तर फिरवायलाही जड आणि थांबवायलाही.

भार पेलायची ताकद टायरवरच लिहिलेली असते. मापानंतरचा आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. माझ्या मूळ टायरवर ८५ टी होतं: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि 'टी' म्हणजे ताशी १९० पर्यंत. कंपनीच्या १५ इंची मापात ८८ असतो, ५६० किलो. मघाचा तो २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४ चा मिळतो, ५०० किलो. म्हणजे दिसायला पैलवान, पण मूळच्या सडपातळ टायरपेक्षा भार कमी पेलणारा! आत हवा कमी मावते म्हणून. जास्त दाबाच्या बांधणीत ८८ चाही येतो, पण दुकानात विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मूळ आकड्यापेक्षा खालचा भाराचा आकडा कधीही घेऊ नये.

बसवण्याच्या भानगडी मी थोडक्यात उरकतो. बोल्टांच्या वर्तुळाचं माप जुळलंच पाहिजे, ते नाही जुळलं तर चाक बसणारच नाही, म्हणून तिथे फसवणूक होत नाही. फसवणूक ऑफसेटमध्ये होते. रिम हबवर कितपत आत बसतं त्याचं ते माप. चुकीच्या ऑफसेटचं चाक बाहेर डोकावतं, रुबाबदार दिसतं, आणि बेअरिंगवर लिव्हरसारखा जोर टाकत राहतं. स्टिअरिंगही प्रत्येक चराबरोबर हिसके देतं. दुकानातून निघण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे चार माणसं बसवा आणि एखाद्या गतिरोधकावरून जा. टायर आतल्या प्लास्टिकला घासत असेल तर तेव्हाच ऐकू येईल.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं ५२ वं कलम गाडीचा तपशील नोंदणीपेक्षा वेगळा करण्याला आडकाठी घालतं. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं माप घेतलं तर बोलायला जागा राहते. ३३ चे टायर टाकून अपघाताचा विमा मागायला जाणाऱ्याला ती राहत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर मंजूर मापं आणि त्यांची हवा लिहिलेला स्टिकर असतो. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो.

टायर बदलल्यावर काटा तपासायला फार काही लागत नाही. सरळ, सपाट रस्ता घ्या, वेग एकसारखा धरा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलवरचा जीपीएसचा वेग वाचायला सांगा. स्वतः वाचू नका. वेग बदलत असताना जीपीएस मागे पडतो आणि बोगद्यात तर तो काहीच सांगत नाही. मोबाइल नको असेल तर जुनी रीत आहेच: किलोमीटरचे दगड आणि घड्याळ. एका किलोमीटरला ४५ सेकंद लागले तर वेग ८०, ३६ सेकंद लागले तर १००. एका दगडावर निकाल देऊ नका. ८० च्या वेगात दोन टक्क्यांचा फरक एका किलोमीटरला सेकंदभराचाही नसतो, बोट दाबायलाच तेवढा वेळ जातो. दहा किलोमीटरची सरासरी काढा. ओडोमीटरही त्याच दगडांवर तपासून होतो.

मी शेवटी १५ इंची अलॉय घेतली, पण टायर १८५/६५ चेच. दुकानदार थोडा हिरमुसला. काकांना मी बिलाची मागची बाजू दाखवली, त्यांनी चष्मा लावून गुणाकार तपासला आणि आजोबा-नातवाच्या उदाहरणावर म्हणाले, "माझा नातू माझ्यापेक्षा भरभर चालतो, त्याचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी द्रुतगती मार्गावर काटा १०० वर धरला, बायकोने मोबाइल पाहून ९६ सांगितले. गुळगुळीत टायर असताना ते ९३-९४ असायचे. डिकीत स्टेपनी अजून जुनी १४ इंचीच आहे. ६१९.६ आणि ६२१.५, दोन मिलिमीटरचा फरक. पंक्चर झालं तर दुकानापर्यंत ती निमूट नेईल आणि एबीएसचा दिवाही पेटणार नाही.